टेन्शन घेतलं म्हणून आमवात?

"फार मनाला लावून घेते, म्हणून हात असे झाले तिचे." आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस झालेल्या बाईबद्दल हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. बोटं आधीच सुजलेली, त्यात आजार ओढवून घेतल्याचा ठपका. या समजुतीत तथ्य थोडं आहे आणि अन्याय फार आहे.

आधी तथ्य. स्वीडनमध्ये मानसिक आघातानंतरच्या ताणविकारांचं निदान झालेल्या १,०६,४६४ जणांच्या नोंदी त्यांच्या सख्ख्या भावंडांशी आणि इतर लोकांशी ताडून पाहिल्या गेल्या. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असे आजार (आमवात त्यांपैकीच एक) या गटात वर्षाला हजारात नऊ जणांना झाले. इतर लोकांत ते प्रमाण सहा होतं, भावंडांत साडेसहा. भावंडांची तुलना मला सर्वांत मोलाची वाटते, कारण त्यांची जनुकं आणि बालपणीचं घर बरंचसं सारखं असतं. अमेरिकेतल्या ५४ हजारांहून अधिक परिचारिकांच्या अभ्यासात खास आमवातच पाहिला गेला. आघातानंतरच्या ताणविकाराची चार किंवा त्याहून जास्त लक्षणं असणाऱ्यांना त्याचा धोका पावणेदोन पट निघाला. धूम्रपानाचा वाटा वजा केल्यावर तो उतरला, पण नाहीसा झाला नाही.

मात्र इथे मोजलेला ताण हा अत्याचार, अपघात, जवळच्याचा अवचित मृत्यू अशा घटनांनंतर माणसाला सोडत नाही तो. रोजची धावपळ किंवा घरातली कुरबुर नव्हे.

आता खरं कोडं. ताण आला की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरी ग्रंथीला आणि तिच्याकडून मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना निरोप जातो, आणि रक्तात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं. कॉर्टिसॉल तर दाह शमवतं! त्याचाच सख्खा भाऊ कॉर्टिसोन सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुणीला टोचलं, आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५०चं नोबेल त्या कामाला मिळालं. मग ताणाने आमवात बरा व्हायला हवा, उलट धोका का वाढतो?

उत्तर कॉर्टिसॉलच्या प्रमाणापेक्षा ते ऐकणाऱ्या पेशींत आहे. कॉर्टिसॉल पेशीत शिरून एका ग्राहक प्रथिनाला चिकटतं. ही जोडी केंद्रकात जाते आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ असे दाह पेटवणारे रेणू बनवणाऱ्या जनुकांना आवर घालते. पण निरोप महिनोन्‌महिने येत राहिला, तर रुळांलगत राहणाऱ्याला जशी गाडीची धडधड जाणवेनाशी होते, तशा रोगप्रतिकारक पेशी बधिर होतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन यांच्या गटाने २०१२ मध्ये हे दाखवलं. २७६ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले. ज्यांच्या मागे दीर्घकाळचा ताण होता, त्यांच्या पेशी कॉर्टिसॉलला कमी दाद देत होत्या, आणि अशा बधिर पेशींच्या लोकांनाच सर्दी जास्त झाली. रक्तातल्या कॉर्टिसॉलच्या पातळीवरून मात्र हे ओळखता येत नव्हतं. सर्दीतला हा बधिरपणा आमवाताच्या सुरुवातीलाही असाच काम करतो का, हे थेट सिद्ध झालेलं नाही. पण दुवा म्हणून तो मला सर्वांत पटतो. आमवातात इंटरल्यूकिन-६ पहाटे उसळतं आणि त्या दाहाच्या मानाने कॉर्टिसॉल तोकडं पडतं. सकाळी तासभर मूठ मिटत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

जाता जाता एक इशारा. 'दोन दिवसांत वात गायब' म्हणत विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांमध्ये तपासणीत स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलसारखंच काम करणारं औषध, सापडलेलं आहे. गुण येतो तो त्याचा. अशी पुडी महिनोन्‌महिने घेतली की अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं थांबवतात, आणि ती अचानक बंद केली तर जिवावर बेतू शकतं.

आता अन्यायाबद्दल. प्रथिनांतल्या आर्जिनीन या घटकाचं कधीकधी सिट्रुलीन या दुसऱ्या घटकात रूपांतर होतं. आमवातात शरीर अशा बदललेल्या स्वतःच्याच प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. 'अँटी-सीसीपी' चाचणीत तीच पाहतात. नेदरलँड्समध्ये पुढे आमवात झालेल्या रक्तदात्यांचं साठवलेलं रक्त तपासलं, तेव्हा सुमारे निम्म्या जणांत ही किंवा 'ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर' नावाची आमवातात आढळणारी दुसरी प्रतिपिंडं लक्षणांच्या आधीच दिसली, बहुतेकदा काही वर्षं आधी. म्हणजे 'नवरा गेला त्या वर्षी सुरू झालं' असं ज्याबद्दल म्हणतात, त्याची सुरुवात कित्येकदा नवरा हयात असतानाच झालेली असते. जनुकं, धूम्रपान, स्त्रीचं शरीर हे सगळं त्यात असतं. दुःखाने ठिणगी पडली असेलही, पण दुःख करणं हा कुणाचा गुन्हा नाही. स्वीडनच्या त्या ताणग्रस्त गटातसुद्धा हजारातल्या ९९१ जणांना एका वर्षात असा कुठलाच आजार झाला नव्हता.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. आघातोत्तर ताणविकाराचं निदान झाल्यावर पहिल्या वर्षात ज्यांनी नैराश्यावरची एसएसआरआय गटातली औषधं जास्त काळ घेतली, त्यांच्यात हा धोका कमी वाढला होता. नुसत्या नोंदींवरून हे औषधामुळेच झालं असं म्हणता येत नाही. त्यासाठी रीतसर चाचणी करावी लागेल, आणि ती व्हायलाच हवी.