मेकॅनिकल कम्प्लीशन आणि कमिशनिंग: सही करण्याआधी

महापे-रबाळेच्या एमआयडीसीत प्रोजेक्टवर नव्याने लागलेल्या इंजिनिअरकडून कंत्राटदार घाईघाईने सही घेतो ती बहुधा मेकॅनिकल कम्प्लीशनची. ऑफिसात मात्र 'प्लांट तयार' असा निरोप जातो आणि प्रॉडक्शनवाले कच्चा माल मागवायला लागतात.

मेकॅनिकल कम्प्लीशन म्हणजे पी अँड आयडीत (पाइप आणि उपकरणांच्या आराखड्यात) दाखवलेलं सगळं जागेवर बसलं: पाइपलाइनी जोडल्या, हायड्रोटेस्ट म्हणजे पाणी भरून दाबाची चाचणी झाली (एएसएमई बी ३१.३ या पाइपिंगच्या कोडनुसार साधारण डिझाइन प्रेशरच्या दीडपट), पंप-मोटर एका रेषेत आणून अलाइनमेंट झालं, केबली जोडल्या, उरलेली कामं पंच लिस्टमध्ये उतरली. कमिशनिंगमध्ये हाच प्लांट आधी पाण्यावर आणि मग खऱ्या मालावर चालवून दाखवायचा.

भांडणं होतात ती या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात. फ्लशिंग (पाइप आतून धुणं), लूप चेकिंग (उपकरणापासून कंट्रोल रूमपर्यंत सिग्नल तपासणं), मोटरची सोलो रन (पंप न जोडता मोटर एकटी फिरवणं) कोणाची? कंत्राटदार म्हणतो कमिशनिंगची, प्रॉडक्शन म्हणतं प्रोजेक्टची. हे ऑर्डर देतानाच लिहून घ्यावं. कामं दिसायला किरकोळ, पण चुका इथेच सापडतात. मोटर उलटी फिरत असली तरी सेंट्रीफ्युगल पंप थोडंफार पाणी टाकतोच, म्हणून 'पाणी येतंय की साहेब' यावर न जाता कपलिंग (मोटर आणि पंपातला जोड) सोडवून मोटर फिरण्याची दिशा बघावी. ट्रान्समीटरच्या (मोजलेला आकडा ४ ते २० मिलीअँपिअरच्या सिग्नलने पाठवणाऱ्या उपकरणाच्या) जागी १२ मिलीअँपिअर दिले की कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर रेंजच्या बरोबर मध्यावरचा आकडा दिसला पाहिजे. हायड्रोटेस्टसाठी ब्लाइंड (पाइप बंद करणाऱ्या चकत्या) किती लावल्या आणि किती काढल्या, याचं रजिस्टर ठेवावं. एक जरी आत राहिली तर फ्लो का येत नाही हे शोधण्यात अख्खी शिफ्ट जाते.

पंच लिस्टचं वर्गीकरण मला नेहमी संशयास्पद वाटतं. माल घेण्याआधी व्हायलाच हवं ते 'ए', नंतर चालेल ते 'बी'. इन्सुलेशन सर्रास 'बी'त ढकलतात. चालण्याच्या वाटेवरची उघडी स्टीम लाइन मात्र माझ्या हिशेबी 'ए'च.

आणि सगळ्यात मोठा फरक वर्क परमिटचा, म्हणजे कामाच्या लेखी परवानगीचा. कालपर्यंत वेल्डर जिथे बिनधास्त वेल्डिंग मारत होता, त्याच लाइनमध्ये सॉल्व्हंट आला की गॅस टेस्ट आणि हॉट वर्क परमिटशिवाय (आग-ठिणगीच्या कामाच्या परवानगीशिवाय) ठिणगीही नको. हा बदल कोणत्या तारखेपासून, ते गेटवर लावून सगळ्या ठेकेदारांच्या माणसांना सांगावं लागतं.

पैशाचं गणितही याच दोन तारखांमध्ये अडकतं. पंप-मोटरच्या ऑर्डरीत वॉरंटी बहुतेकदा 'डिस्पॅचपासून १८ महिने किंवा कमिशनिंगपासून १२ महिने, जे आधी संपेल ते' अशी असते. प्रदूषण नियंत्रण मंडळाची चालवण्याची संमती लांबली आणि डिस्पॅचनंतर ६ महिने उलटून गेले, की पुढचा प्रत्येक महिना वॉरंटीतूनच कापला जातो, पंप एकदाही फिरलेला नसला तरी.