राष्ट्राध्यक्ष झाल्या त्या इसाबेल पेरॉन, एव्हिता नव्हेत

अर्जेंटिनाची पहिली महिला राष्ट्राध्यक्ष कोण, असं विचारलं की अनेक जण बेधडक 'एव्हिता' म्हणतात. प्रत्यक्षात एव्हिता, म्हणजे एव्हा पेरॉन, कधीच राष्ट्राध्यक्ष नव्हत्या; मंत्री किंवा खासदारही नव्हत्या. ते पद मिळालं इसाबेल पेरॉन यांना. दोघींचा नवरा एकच, हुआन पेरॉन. दोघी त्यांच्याहून वयानं बऱ्याच लहान. एक अभिनेत्री, दुसरी नर्तकी. गल्लत होणं साहजिक आहे, पण ती तशीच चालू देणं मला पटत नाही. तिच्यापायी एकीचं कर्तृत्व पदाच्या नावाखाली झाकलं जातं आणि दुसरीची जबाबदारी विसरली जाते.

एव्हांचा जन्म १९१९चा. १९४५ साली लग्न झालं आणि पुढच्याच वर्षी हुआन पेरॉन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. १९४७ साली स्त्रियांना मताधिकार देणारा कायदा झाला, त्यामागे एव्हांचा मोठा रेटा होता. त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानातून गरिबांना घरं, औषधं, शिवणयंत्रं मिळत. गाऱ्हाणी घेऊन आलेल्यांना त्या तासन् तास समोर बसवून ऐकत. २२ ऑगस्ट १९५१ला ब्युनोस आयर्समध्ये जमलेल्या लाखोंच्या गर्दीनं त्यांना उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहायचा आग्रह धरला. लष्करातल्या वरिष्ठांना ते खपणारं नव्हतं, शिवाय कर्करोग बळावत होता. ३१ ऑगस्टला त्यांनी रेडिओवरून उमेदवारी नाकारली. नोव्हेंबरात देशातल्या स्त्रियांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी पहिल्यांदा मत दिलं, तेव्हा एव्हांसाठी मतपेटी रुग्णालयातल्या खाटेपाशी आणावी लागली. २६ जुलै १९५२ला, अवघ्या ३३व्या वर्षी, त्या गेल्या.

इसाबेल या कथेत आल्या त्यानंतर. मूळ नाव मारिया एस्तेला मार्तिनेझ, जन्म १९३१. १९५५च्या उठावात सत्ता गेल्यावर परागंदा झालेल्या पेरॉनना त्या पनामात भेटल्या. १९६१ साली स्पेनमध्ये लग्न झालं. १९७३ साली पेरॉन पुन्हा निवडून आले, आणि त्यांच्यासोबत उपराष्ट्राध्यक्ष म्हणून इसाबेल. एव्हांना लाखो लोक मागत असूनही जे पद मिळालं नाही, ते इसाबेलना नवऱ्याच्या शब्दावर मिळालं. मला हाच दोघींमधला सगळ्यात मोठा फरक वाटतो: एकीपाशी लोक होते आणि पद नव्हतं, दुसरीपाशी पद होतं आणि स्वतःचे असे लोक नव्हते.

१ जुलै १९७४ला पेरॉन वारले आणि 'राष्ट्राध्यक्ष' हे पद भूषवणाऱ्या जगातल्या पहिल्या स्त्री म्हणून इसाबेलचं नाव नोंदलं गेलं. (सिरिमाओ बंदरनायके आणि इंदिरा गांधी त्याआधीच सत्तेवर आल्या होत्या, पण पंतप्रधान म्हणून.) खरी सूत्रं समाजकल्याणमंत्री होसे लोपेझ रेगा यांच्या हाती गेली. त्यांच्या आशीर्वादानं 'ट्रिपल ए' ही टोळी डाव्या विचारांच्या माणसांचे मुडदे पाडत होती. फेब्रुवारी १९७५मध्ये तुकुमान प्रांतातल्या बंडखोरांचा नायनाट करण्याचा हुकूम सैन्याला इसाबेलच्याच सरकारनं दिला. जूनमध्ये पेसो या चलनाचं जबर अवमूल्यन झालं, पेट्रोल एका फटक्यात दुपटीहून महागलं आणि कामगार संघटनांनी ठरवून घेतलेली पगारवाढ सरकारनं रद्द केली. मग जे कधी घडलं नव्हतं ते घडलं: पेरॉनवादी सरकारविरुद्ध पेरॉनवादी कामगारांनीच देशव्यापी संप केला. सरकारला पगारवाढ मान्य करावी लागली आणि लोपेझ रेगांना देश सोडावा लागला.

दोघींची गाठ पडली ती एव्हांच्या मृत्यूनंतर. १९५५च्या उठावानंतर सैन्यानं त्यांचं मसाला भरून जपलेलं शव पळवून मिलानमध्ये खोट्या नावानं पुरलं होतं. १९७१ साली ते माद्रिदला पेरॉनकडे पोचलं, आणि नोव्हेंबर १९७४मध्ये इसाबेलच्या सरकारनं ते मायदेशी आणलं. आज ते ब्युनोस आयर्समधल्या रेकोलेता दफनभूमीत आहे.

२४ मार्च १९७६ला लष्करानं सत्ता घेतली. इसाबेल हेलिकॉप्टरनं राष्ट्राध्यक्ष भवनातून निघाल्या आणि उतरताच त्यांना अटक झाली. पाच वर्षं कैदेत काढून १९८१ साली त्या स्पेनला गेल्या. त्यांच्या कारकिर्दीतल्या अत्याचारांसाठी अर्जेंटिनाच्या न्यायाधीशांनी २००७ साली त्यांचा ताबा मागितला. २००८ साली स्पेनच्या न्यायालयानं तो नाकारला.