लिफ्ट मारलेली जीप आणि कलम ५२ : पार्श्वभूमी

गाडी उचलणं, म्हणजे लिफ्ट देऊन ती जमिनीपासून मूळपेक्षा उंच करणं, ही हौशी लोकांनी आणलेली टूम आहे, असं सर्रास समजलं जातं. गाडीतल्या बदलांबद्दलच्या कलम ५२ मध्ये ती बसते का, हा वाद आहे. आपल्याकडे ती आधी ओझ्यापोटी आली. वडापच्या जीपमध्ये दहाच्या जागी अठरा माणसं आणि टपावर पोती चढली की मागचे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बसायचे. मग गाडी पाटेवाल्याकडे लागायची. तो जुन्या पाट्यांना ठोकून पुन्हा कमान द्यायचा, एखादा जाडसर पाटा वाढवायचा, पाटे एक्सलला बांधणारा यू-बोल्ट आवळायचा. भरलेली असताना ती जीप सरळ दिसे. रिकामी झाली की नाकतोड्यासारखी मागून वर. या कामाला तेव्हा कुणी मॉडिफिकेशन म्हणत नसे, आणि पासिंगला कुणी पाटे मोजत नसे.

हौशी मंडळी आली ती लष्कराच्या लिलावातल्या जीप, जोंगा आणि पुढे जुन्या जिप्सी घेऊन. सीजे-३बी (महिंद्राची जुनी जीप) काय आणि डिसेंबर १९८५ मध्ये आलेली जिप्सी काय, दोघींची ठेवण एकच: पुढेमागे सलग एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा) आणि पाटे त्याच्या खालून बांधलेले. तेच पाटे एक्सलच्या वर घेतले की नवा पाटा विकत न घेता गाडी चार-पाच इंच उंच. ओळखीचा वेल्डिंगवाला आणि जुगाडाची तयारी असली की झालं.

बिल मागाहून यायचं. ड्रॅग लिंक, म्हणजे स्टिअरिंगचा जोर चाकाकडे नेणारा दांडा, तिरकी झाल्यामुळे चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग आपोआप वळे. इंजिनचा जोर एक्सलपर्यंत नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढून त्याचे क्रॉस (सांधे) झिजत. चाक हवेत लोंबलं की ब्रेकची नळी तारेसारखी ताणली जाई, आणि चढावर जोर दिला की पाटेच पिळवटत. एवढं करून डिफरन्शियलचं (एक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचं) पोट जमिनीपासून होतं तेवढ्याच उंचीवर! ते उचलतो फक्त टायर. २८ इंचाच्या जागी ३१ इंची घातला तर दीड इंच मिळतो, आणि काटा ६० दाखवत असताना गाडी ६६ नं पळत असते. म्हणून 'किती इंच लिफ्ट?' हा प्रश्न मुळात अर्धवट आहे. बॉडी आणि चासीच्या मध्ये ठोकळे घालणं, पाटे किंवा स्प्रिंग वाढवणं आणि टायर मोठे करणं ही तीन वेगवेगळी कामं एकाच शब्दात कोंबली गेली आहेत.

२०१० च्या थारने आणखी एक सवय लावली. तिला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळ्या, होत्या. गाडीखाली झोपून पान्याने बोल्ट फिरवला की नाक वर. फुकटची लिफ्ट म्हणून हे फार चाललं. पण बार पिळल्याने स्प्रिंग मोठी होत नाही; चाकाला खाली जायला जी जागा होती तीच खर्ची पडते. गाडी दगडावर आपटते, चाकाला जोर देणारा सीव्ही जॉइंट (सांधा) वाकड्या कोनात फिरतो आणि त्याचा रबरी बूट फाटतो. २०२० ची थार आणि २०२३ ची जिम्नी कॉइलवर (वेटोळ्यांच्या स्प्रिंगांवर) आल्या आणि पाटेवाल्याचं काम खोक्यातून येणाऱ्या किटकडे गेलं. जिम्नीला सलग एक्सल आहेत, त्यामुळे ती उचलली की एक्सलला आडवं जागेवर धरणारा पॅनहार्ड रॉड त्याला बाजूला ओढतो. लांबी बदलता येणारा रॉड घ्यावाच लागतो. २०१४ पासून गोव्यात भर पावसात, मलेशियाच्या धर्तीवर जंगलातली स्पर्धा होऊ लागली आणि तिथले व्हिडिओ पाहून मागणी फुगली. त्यातल्या कसलेल्या गाड्या स्पर्धेच्या जागी ट्रकवर लादून नेतात, हे व्हिडिओत दिसत नाही.

आता वादाचा मुद्दा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ मुळात सौम्य होतं. आरसीतला तपशील चुकीचा ठरेल असा बदल करायचा तर आधी आरटीओला कळवा आणि मंजुरी घ्या, एवढंच ते सांगे. फिटिंगमुळे रिकाम्या गाडीचं वजन दोन टक्क्यांच्या आत बदललं तर मंजुरीही नको होती. तेराशे किलोच्या जीपला म्हणजे २६ किलो. लोखंडी दोराची विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारं यंत्र) एकटीच त्याहून जड भरते, पण निदान एक माप होतं. २००० च्या दुरुस्तीने फूटपट्टीच बदलली. आता आरसीतला तपशील उत्पादकाने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा पडता कामा नये. परवानगीचा प्रश्न मागे पडला आणि कारखान्याचा कागद हा धर्मग्रंथ झाला.

गोंधळ आहे तो 'बदल' या शब्दाच्या खुलाशात. गाडीच्या रचनेत असा फरक, ज्याने तिचं मूलभूत वैशिष्ट्य बदलतं, तो बदल. मूलभूत म्हणजे काय? आरसीत इंजिन नंबर, चासी नंबर, सीसी, इंधन, आसनं, व्हीलबेस, रिकामं वजन, रंग असतं. ग्राउंड क्लिअरन्स नावाचा रकानाच नाही. मग दोन इंच वाढवलेल्या स्प्रिंगने नेमका कुठला तपशील खोटा पडला? एक आरटीओ म्हणतो काहीच नाही, दुसरा म्हणतो गाडीच बदलली.

जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाने ठरवलेले तपशील बदलता येणार नाहीत आणि राज्याचे नियम कायद्याच्या वर नाहीत, असा निकाल दिला. दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांनी त्याचं 'मॉडिफिकेशनवर सरसकट बंदी' करून टाकलं. बाकीचे तपशील बदलून आरसीत नोंदवता येतात, हे त्याच निकालात होतं. ते मथळ्यात मावलं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने बंपरपुढचे लोखंडी बुलबार काढायला सांगितले होते, त्याला तरी पादचाऱ्यांच्या जिवाचं सरळ कारण होतं. १ सप्टेंबर २०१९ पासून दंडही ठरला: परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. टायर एक, स्प्रिंग दुसरा, बंपर तिसरा, असे बदल मोजायला बसलं तर हिशेब गाडीच्या खाली जाऊनच करावा लागेल.

खाली जाऊन खरं तर वेगळंच पाहायला हवं. पावसाळ्यात ओढ्यातून काढलेल्या गाडीच्या क्रॉसला ग्रीस पंप लावला की आधी तांबडं पाणी येतं, मग काळं ग्रीस, आणि चार-पाच दाबांनंतर नवं. डिफरन्शियलचं ऑइल दुधाच्या चहासारखं निघालं तर ब्रीदरमधून, म्हणजे त्याची हवा जायच्या नळीतून, पाणी शिरलेलं असतं. ती नळी बॉनेटपर्यंत वर घ्यायला फारसा खर्च नाही. लिफ्टनंतर काही शे किलोमीटरवर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे असतात, आणि हे निम्मे लोक विसरतात. सैल यू-बोल्टमुळे पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटतो आणि एक्सल जागचा सरकतो. नीट बसवलेली दोन इंच लिफ्ट झिजलेल्या बुशांवर चालणाऱ्या कायदेशीर गाडीपेक्षा कमी धोक्याची आहे, असं माझं मत आहे. पासिंगच्या रांगेत ते चालत नाही.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि नूतनीकरणासाठी गाडी दाखवावी लागते. म्हणून जाणते मालक काढलेले मूळ पाटे भंगारात देत नाहीत. जुनं इंजिन ऑइल चोपडून, गोणपाटात गुंडाळून ते माळ्यावर ठेवलेले असतात, सोबत मूळ यू-बोल्ट आणि चार मूळ टायर.