ऑनलाइन अध्यापनसज्जता

विद्यापीठीय शिक्षकाला ऑनलाइन शिकवण्यासाठी लागणारी जाण, कौशल्ये, साधने आणि मनाची तयारी यांना मिळून ऑनलाइन अध्यापनसज्जता म्हणतात. तिचे मोजमाप बहुधा शिक्षकांकडूनच प्रश्नावली भरून घेऊन होते. त्यामुळे हाती येतो तो पुष्कळदा त्यांचा आत्मविश्वास. प्रत्यक्ष तास कसा होतो, हे त्यातून कळतेच असे नाही.

विषय येणे आणि तो शिकवता येणे यांच्या मधल्या खास ज्ञानाकडे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये लक्ष वेधले. पुण्य मिश्रा व मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये त्याला तंत्रज्ञानाची जोड दिली. या मांडणीनुसार मीटिंगची लिंक पाठवता येणे ही फार तर पूर्वतयारी ठरते. रसायनशास्त्राचा शिक्षक फळ्यावर एकेक बाण काढत अभिक्रिया उलगडतो. तीच तयार स्लाइडवर एकदम समोर आली की विद्यार्थी ती उतरवून घेतो, पण पुढचा बाण कुठे जाईल याचा विचार करत नाही. टाळेबंदीत काहींनी पुस्तकांच्या चळतीवर मोबाइल आडवा ठेवून खालच्या कागदावर लिहीत शिकवले. साधन कामचलाऊ, पण सज्जता खरी.

महाराष्ट्रात पाटी कोरी नव्हती. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून स्वयंअध्ययनाची पुस्तके तयार करत होते. मुंबईच्या आयआयटीने दहा हजार शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचा उपक्रम दूरस्थ केंद्रांमार्फत राबवला होता. २०१७ मध्ये ‘स्वयम्’ हे केंद्र सरकारचे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ आले आणि २०१८ मध्ये त्यावर ‘अर्पित’ हे शिक्षकांचे उजळणी अभ्यासक्रम सुरू झाले. पदोन्नतीसाठी ते ग्राह्य असल्याने नोंदणीला कारणही होते. मात्र त्यांचा भर मुख्यतः विषयज्ञान अद्ययावत करण्यावर होता. शिक्षक ऑनलाइन शिकले. ऑनलाइन शिकवायला शिकले, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाल्यावर जे घडले त्याला अभ्यासक ‘आणीबाणीतील दूरस्थ अध्यापन’ म्हणतात आणि आखीव ऑनलाइन शिक्षणापासून ते वेगळे धरतात. ‘आवाज येतोय का?’ने तास सुरू व्हायचा. ‘समजलं का?’ला बंद कॅमेऱ्यांकडून उत्तर नसायचे. वर्गात चेहरे वाचून वेग बदलणाऱ्या शिक्षकाचा हुकमी आधार इथे गेला. त्याऐवजी दर दहा मिनिटांनी छोटा प्रश्न, चॅटमध्ये एका ओळीचे उत्तर, रेंज नसलेल्यांसाठी व्हॉट्सॲपवर ध्वनिमुद्रण अशी आखणी लागते.

मूल्यमापनात उणीव अधिक उघडी पडली. अंतिम वर्षाची परीक्षा न घेता विद्यार्थ्यांना उत्तीर्ण करता येणार नाही, या सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२०च्या निकालानंतर राज्यातील अनेक विद्यापीठांनी अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑनलाइन, बहुपर्यायी प्रश्नांनी घेतल्या. दीर्घोत्तरी प्रश्न काढण्यात हयात गेलेल्यांना घाईने प्रश्नपेढ्या बनवाव्या लागल्या. बरोबर वाटेल असा चुकीचा पर्याय सुचायला विद्यार्थी नेमका कुठे चुकतो हे ठाऊक असावे लागते.

सज्जतेची चर्चा व्यक्तीभोवती फिरते, पण नोकरीच्या अटींचाही तिच्याशी संबंध आहे. तासिका तत्त्वावरील, म्हणजे सीएचबी प्राध्यापकांना मानधन घेतलेल्या तासांचे मिळते. व्हिडिओ तयार करण्यात गेलेली संध्याकाळ त्या हिशेबात धरली जात नाही.