शेजारच्या देशांत पेटंट घ्यायचंय? १२ महिने आणि ३० महिन्यांचा फरक आधी समजून घ्या

नाशिकच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये कांदा प्रतवारीचं नवं यंत्र तयार झालं, तर त्याला गिऱ्हाईक बांगलादेशात, नेपाळमध्ये, श्रीलंकेतही मिळू शकतं. भारताचं पेटंट मात्र बांगलादेश सीमेवरच्या पेट्रापोलच्या नाक्यापलीकडे लागू होत नाही. सगळ्या सार्क देशांना मिळून एक पेटंट अशी सोयही नाही. प्रत्येक देशात वेगळा अर्ज, वेगळी फी, वेगळी तपासणी.

सुरुवात भारतातूनच करा. पेटंट कायदा १९७० च्या कलम ३९ नुसार भारतात राहणाऱ्या व्यक्तीला परवानगीशिवाय थेट परदेशात अर्ज करता येत नाही. भारतात अर्ज करून ६ आठवडे थांबायचं, नाहीतर फॉर्म २५ भरून आधी परवानगी घ्यायची. ती साधारणपणे २१ दिवसांत मिळते. इथे नागरिकत्व नाही, वास्तव्य पाहतात. म्हणून दुबईतल्या भावाच्या नावाने तिकडे अर्ज टाकायचा असेल आणि सहसंशोधक पुण्यात बसलेला असेल, तर परवानगी लागतेच. हे टाळलं तर भारतातला अर्ज सोडून दिल्याचं धरतात, मिळालेलं पेटंट रद्द होऊ शकतं आणि कलम ११८ खाली २ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

आता मुदतीकडे या, कारण खरं नुकसान इथेच होतं. ‘पीसीटी केलं की ३० महिने निवांत’ असं सर्रास सांगितलं जातं. पीसीटी म्हणजे पेटंट सहकार्य करार; त्यात एकाच आंतरराष्ट्रीय अर्जाने अनेक सदस्य देशांतल्या अर्जांसाठी वेळ राखून ठेवता येतो. श्रीलंका आणि चीन पीसीटीत आहेत, त्यामुळे त्यांच्यापुरतं ते बरोबर आहे. पण नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान आणि भूतान सध्या पीसीटीत नाहीत. तिथे पॅरिस कराराचाच रस्ता आहे, म्हणजे प्रत्येक देशात थेट अर्ज करून भारतातल्या पहिल्या अर्जाची तारीख तिथेही मागायची, आणि त्याची मुदत पहिल्या अर्जापासून फक्त १२ महिने. समजा, भारतातला अर्ज १० जून २०२५ चा आहे. ६ आठवडे २२ जुलैला भरतात. ढाका आणि काठमांडूसाठी शेवटची तारीख १० जून २०२६. पीसीटी अर्जही त्याच तारखेपर्यंत करायचा, आणि मग कोलंबोसाठी १० डिसेंबर २०२७ पर्यंत सवड मिळते. भारतात प्रोव्हिजनल (पूर्ण तपशील नंतर देण्याचा तात्पुरता) अर्ज केला असला तरी १२ महिने त्याच तारखेपासून मोजतात, हे विसरू नका.

देशादेशांतले नियमही सारखे नाहीत. नेपाळमध्ये पेटंट आधी ७ वर्षांचं मिळतं आणि प्रत्येकी ७ वर्षांसाठी दोनदा वाढवता येतं. नूतनीकरण चुकलं की हक्क गेला. बांगलादेशात १९११ च्या जुन्या कायद्यात मुदत १६ वर्षांची होती, नव्या कायद्याने ती २० झाली. चीनमध्ये यंत्राच्या रचनेसाठी १० वर्षांचं ‘युटिलिटी मॉडेल’ वेगळं मिळतं, ते तुलनेने लवकर हाती येतं. भारतात असा प्रकारच नाही. छोट्या यंत्रउत्पादकांनी चीनमधल्या या पर्यायाचा जरूर विचार करावा, असं माझं मत आहे.

अर्ज संशोधक स्वतः करू शकतो, किंवा ज्याच्या नावे त्याने हक्क लिहून दिला आहे तो. कंपनीच्या नावाने अर्ज असेल तर कामगार-संशोधकाची फॉर्म १ वर सही किंवा हस्तांतरणपत्र हवंच. ‘तो आमच्याकडे पगारी आहे’ एवढं पुरत नाही. सोबत फॉर्म २ मध्ये शोधाचं वर्णन, क्लेम (नेमका कशावर हक्क सांगता ते मुद्दे) आणि आकृत्या, फॉर्म ३ (परदेशातल्या अर्जांची माहिती), फॉर्म ५ (संशोधक कोण याचं घोषणापत्र), आणि एजंट नेमला असेल तर त्याच्या अधिकारपत्राचा फॉर्म २६. स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला फॉर्म २८ सोबत मान्यतेचं किंवा उद्यम प्रमाणपत्र जोडून कमी फी लागते. व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये आहे, ३० पानं आणि १० क्लेमपर्यंत. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या हद्दीत येतात.

परदेशासाठी भारतीय अर्जाची पेटंट कार्यालयाकडून घेतलेली प्रमाणित प्रत, त्या देशातल्या एजंटाच्या नावे अधिकारपत्र आणि चीनसाठी चिनी भाषांतर तयार ठेवा. भाषांतराला वेळ लागतो, त्यामुळे ते अकराव्या महिन्यावर ढकलू नका.

अर्जाआधी यंत्राचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकू नका, कृषी प्रदर्शनात ते मांडू नका; आधीच जाहीर झालेला शोध नवा धरला जात नाही. कायद्यातली प्रदर्शनाची सवलत फक्त केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना आहे, तालुक्याच्या मेळाव्याला नाही.

आणि परदेशात अर्ज केले की त्यांची माहिती फॉर्म ३ वर भारतीय कार्यालयाला कळवावी लागते. ती दडवली तर त्याच मुद्द्यावर प्रतिस्पर्धी तुमचं भारतातलं पेटंट रद्द करायला अर्ज करू शकतो.