ठिपकेवाला गवती नाकतोडा

कोनोसेफॅलस मॅक्युलेटस ही गवतात राहणाऱ्या छोट्या नाकतोड्याची एक जात, कुळ टेटिगोनिडी. आफ्रिकेपासून भारत, चीन, आग्नेय आशिया करत न्यू गिनीपर्यंत नोंदी आहेत, एवढ्या पसाऱ्यात खरंच एकच जात असेल का ही शंका घ्यायला जागा आहे. आपल्याकडे सगळेच नाकतोडे म्हणून खपतात, पण मिशा दोऱ्यासारख्या बारीक आणि अंगापेक्षा लांब दिसल्या तर तो टोळापेक्षा रातकिड्याच्या जवळचा समजायचा.

नावाचा घोळ मोठा आहे. फ्रेंच दर्यावर्दी द्युमाँ द्युर्व्हिलच्या १८३७ ते १८४० च्या सफरीत झेले जहाजावर सर्जन असलेल्या ल गियूने १८४१ मध्ये वर्णन केलं तेव्हा ही जात झिफिडियन वंशात घातली होती, म्हणून आजही त्याचं नाव आणि साल कंसात लिहितात, वंश बदलल्याची ती खूण. झिफिडियनचा अर्थ तलवारीशी जोडलेला, बहुधा मादीच्या अंडी घालायच्या सरळ पात्यावरून, आणि कोनोसेफॅलस म्हणजे शंकूसारखं डोकं. हे दुसरं नाव स्वीडिश निसर्गअभ्यासक थुनबर्गचं, १८१५ चं, म्हणजे आधीचं, त्यामुळे तेच टिकलं. पण मधल्या काळात बऱ्याच जणांनी ते टोकदार डोक्याच्या मोठ्या नाकतोड्यांना वापरलं, तेव्हा जुन्या यादीत कोनोसेफॅलस दिसलं की लगेच हाच वंश धरू नये.

अंग दीड सेंटीमीटरच्या आसपास, हिरवं, डोक्यावरून पाठीकडे तपकिरी पट्टा, मिटलेल्या पंखांवर काळपट ठिपक्यांची ओळ, मॅक्युलेटस हे नाव त्यावरूनच. तरी नुसत्या ठिपक्यांवर भरवसा ठेवू नये, नराच्या पोटाच्या टोकाचे चिमटे आणि त्यांच्या आतला दात भिंगाखाली बघणं जास्त खात्रीचं. नर डावा पंख उजव्यावर घासून गातो, या वंशात बराच आवाज आपल्या कानापलीकडचा असतो. कान पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली. जवळ गेलात तर कित्येकदा उडी न मारता काडीच्या पलीकडे सरकतो आणि पाय ताणून असा चिकटतो की फक्त हलत्या मिशा दिसतात.

गवताचं बी, फुलं, पराग, बारीक किडे असं सगळं खातो. याच वंशातला लाँगिपेनिस भातात खोडकिड्याची अंडी खातो आणि लोंब्याही कुरतडतो, त्यामुळे या नाकतोड्यांना सरसकट कीड म्हणणं चूक आहे. मादी अंडी गवताच्या देठात किंवा पानाच्या आवरणात खुपसते.