टिश्यूची केळी आणि बीटी कापूस: क्लोन कोणता, जीएम कोणतं?

रावेर-यावलकडे केळीची बाग बघायला आलेला शहरी पाहुणा हमखास विचारतो, “टिश्यू कल्चर म्हणजे जीएमच ना?” नाही. जीएम म्हणजे जनुकांत बदल केलेलं पीक, आणि हा प्रश्न शेजारच्या कापसाबद्दल विचारायला हवा.

टिश्यूच्या रोपासाठी एका निवडक, निरोगी झाडाच्या कोंबाचा शेंडा घेतात आणि प्रयोगशाळेत बाटलीत वाढवून त्याची हजारो रोपं करतात. जनुकांत काहीही घातलेलं नसतं. हे क्लोनिंग, आणि आपल्याकडे ते जुनंच आहे. हापूसची कोय पेरली तर हापूसच लागेल याची खात्री नसते, म्हणून कलम बांधतात. कोकणातलं हापूसचं प्रत्येक कलम हा क्लोनच. ‘क्लोन’ हा शब्दही ग्रीकमधल्या डहाळीवरून आला आहे.

कापसात मात्र जनुकीय अभियांत्रिकी आहे. मातीत सापडणाऱ्या एका जिवाणूचं (बॅसिलस थुरिंजिएन्सिस, त्यावरूनच ‘बीटी’) जनुक कापसात घातलं, आणि झाड बोंडअळीला मारणारं प्रथिन स्वतःच बनवू लागलं. जीएम रोप तयार करतानाही टिश्यू कल्चर वापरतात. गोंधळाचं मूळ बहुधा तिथेच असावं.

फरक नीट कळला की काळजी कशाची करायची तेही बदलतं.

क्लोनची भीती सारखेपणाची. सगळी बाग एकसारखी, म्हणून घड जवळपास एकाच वेळी कापणीला येतात, व्यापाऱ्याला गाडी भरणं सोपं जातं. पण जो रोग एका झाडाला मारतो तो सगळ्यांना मारू शकतो. ग्रोस मिशेल ही एकेकाळी जगाच्या बाजारात चालणारी केळी. पनामा मर रोगाने १९५०-६० च्या दशकांपर्यंत तिचा व्यापार बसवला. तिच्या जागी कॅव्हेंडिश आली. आपली ग्रँड नैन त्याच गटातली, आणि त्याच रोगाचा नवा प्रकार आता कॅव्हेंडिशलाही मारतो.

बीटीचं दुखणं वेगळं. भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली, सुरुवातीला बोंडअळीसाठीच्या फवारण्या कमी झाल्या. पुढे शेंदरी बोंडअळीला ते प्रथिन पचू लागलं आणि २०१७ मध्ये विदर्भाने त्याची मोठी किंमत मोजली. दरवर्षी बियाणं विकत घ्यावं लागतं याचा दोष लोक जनुकाला देतात. माझ्या मते तो चुकीच्या दारात टाकलेला दोष आहे. आपल्याकडे बीटी प्रामुख्याने संकरित वाणांत आलं, आणि संकरिताचं घरचं बी दुसऱ्या वर्षी तसंच उगवत नाही, बीटी असो वा नसो. जनुकावर मालकी कुणाची, हा प्रश्न मात्र खरा आहे. २०१० मध्ये बीटी वांग्याला स्थगिती मिळाली. तो वाद थेट ताटातल्या भाजीचा होता, म्हणून अधिक पेटला.

जनावरांत क्लोनिंग इतकं सरळ नाही. डॉली मेंढी १९९६ मध्ये स्कॉटलंडमध्ये जन्मली, ती २७७ प्रयत्नांतून हाती लागलेली एकटी. कर्नालला २००९ मध्ये क्लोन केलेलं म्हशीचं पहिलं पारडू काही दिवसांतच दगावलं. चांगल्या रेड्याची नक्कल हाती आली तर दुधाच्या धंद्याला फायदा आहे, पण वाया गेलेले गर्भ आणि पोटात ते वाढवणाऱ्या माद्यांचे हाल कुठल्या हिशेबात धरायचे?

माणसाकडे आलं की जनुकबदलाची बाजू एकदम भक्कम दिसते. जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन १९८२ पासून बाजारात आहे, त्याला कुणी नाकं मुरडत नाही. पण २०१८ मध्ये चीनमध्ये ‘हे जिआनकुई’ नावाच्या संशोधकाने गर्भातच जनुक बदललेल्या जुळ्या मुली जन्माला आल्याचं जाहीर केलं, तेव्हा जग हादरलं. त्या मुली कुणाच्या नकला नव्हत्या, म्हणजे क्लोन नव्हेत. पण गर्भात केलेला बदल त्यांच्या मुलाबाळांपर्यंत जाऊ शकतो, आणि त्याला त्यांची संमती घेणं शक्यच नव्हतं. त्या संशोधकाला २०१९ मध्ये तीन वर्षांची कैद झाली.

दोन्ही तंत्रं एकाच जनावरात हवी असतील तर डॉलीनंतर वर्षभराने जन्मलेली पॉली मेंढी पाहा. तिच्या पेशींत रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचं मानवी जनुक घातलेलं होतं, आणि अशा पेशीपासूनच तिचं क्लोनिंग केलं होतं. औषध दुधातून मिळावं, हा बेत होता.